चषकावरचा नारळ

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आयुधपूजेच्या सकाळी केळीचे खांब घेऊन तुकोजीराव बन्नीमंटप भागातल्या आपल्या मुलाम्याच्या दुकानात शिरले आणि जागीच खिळले. चकाकी द्यायच्या मोटारीला कुंकू, चिमट्यांना कुंकू, आणि मधोमध पाटावर चर्चचा चषक! त्यात पाणी, विड्याची पानं, वर शेंडीचा नारळ. चषकाच्या अंगावर कुंकवाची पाच बोटं.

"अगं, हे काय मांडलंस?"

"कलश," गिरिजाबाई म्हणाल्या. "लखलखत होतं भांडं. म्हटलं, देवीला आज हेच."

"ते त्यांच्या देवाचं आहे गं!"

"अय्यो! मग तोही देवच की हो. रागावेल होय?"

देवाचं तुकोजीरावांना भय नव्हतं. भय होतं फादर चौरप्पांचं. चार वाजता ते चषक न्यायला येणार होते. उद्या नव्या धर्मगुरूची पहिली मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, याच चषकानं व्हायची होती.

पणजोबा इथल्या महाराजांच्या घोडदळात होते. तुकोजीरावांच्या हाती मात्र मुलाम्याचं काम आलं. छत्तीस वर्षं चर्चच्या चषकांना आतून सोनं तेच चढवत होते. चर्चच्या म्हाताऱ्या सेवकानं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, चषक धुतल्याचं पहिलं पाणी पवित्र, ते गटारात नाही, मातीत. चषकाला हात लावण्याआधी आंघोळ करायची, हे मात्र त्यांचं त्यांनीच ठरवलं होतं.

आता हे कळलं तर चर्चचं दार कायमचं बंद!

त्यांनी चषक धुतला. डागही राहिला नाही.

"बोलू नका काही," गिरिजाबाई पुटपुटल्या. "कोण बघायला आलं होतं?"

स्कूटर वाजली की तुकोजीराव उठत, पुन्हा बसत. पहिलंच वाक्य विसरलेल्या नटानं विंगेत उभं राहावं, तशी गत.

फादर आले. त्यांनी चषक उजेडात फिरवला. "वा! अगदी नवा," ते कन्नडमध्ये म्हणाले.

तेवढ्यावर सुटता आलं असतं.

"फादर, थांबा." आणि तुकोजीरावांनी सगळं सांगून टाकलं. नारळसुद्धा.

फादरांनी चषक खाली ठेवला. मग विचारलं, "धुतलेलं पाणी कुठं टाकलंत?"

"मोगऱ्याच्या मुळाशी."

फादरांनी दारातल्या कुंडीकडे पाहिलं. माती अजून ओली होती. त्यांनी चषक पांढऱ्या फडक्यात गुंडाळला. "मुलामा नवा झाला की आम्ही आशीर्वाद देतोच. उद्या मिस्सेआधी देऊ." पिशवीतून त्यांनी झाकणाचं दुसरं भांडं काढलं. "हे पवित्र भाकरीचं. याचंही सोनं गेलंय. पण पुढच्या दसऱ्याच्या आत मी घेऊन जाणार हं!"

तुकोजीरावांनी भांडं दोन्ही हातांनी घेतलं. पदराआडून गिरिजाबाई म्हणाल्या, "नारळ तरी न्या, फादर. फोडलेला नाही."