तालुकदारांच्या नावेला चार खिडक्या

नावेला काचेची खिडकी असते हे मला तिशी उलटेपर्यंत माहीत नव्हतं. मी सुतार. गंगेच्या काठी, गेवराईच्या बाजूला आमचं गाव. गोदावरीला आमच्याकडे गंगाच म्हणतात. नाव म्हणजे फळ्या, खिळे आणि वर आभाळ, एवढीच माझी समजूत होती. निजामाचं राज्य होतं. एका आषाढात तहसिलीतून हुकूम आला की तालुकदारसाहेब, म्हणजे जिल्ह्याचे मोठे साहेब, पुराची पाहणी करायला नदी ओलांडणार आहेत, त्यांना पडसं फार लवकर होतं, तरी गावच्या नावेवर चार खिडक्यांची खोली बांधावी. पूर बघायला यायचं आणि भिजायचं मात्र नाही. मोठ्या माणसांच्या गोष्टी मोठ्याच.

काचा औरंगाबादेहून गवतात गुंडाळून आल्या. सोबत देखरेखीला तहसिलीतला जमादार आला. मिशा त्याच्याहून चार बोटं पुढं चालायच्या. सुतारकीतलं त्याला काही कळत नव्हतं, आणि त्यामुळं हुकूम सोडताना त्याला कसलीच अडचण यायची नाही.

खोली मी पाच दिवसांत उभी केली. खरा घोर पुढं होता. काच आणि लाकूड यांच्यामध्ये लावायचं काय?

गावात ज्याला त्याला अक्कल सुटली. एकानं चुना आणि गूळ सांगितला. तो एका चौकटीला लावून मी ती बैलांच्या पाण्याच्या डोणीत बुडवून ठेवायचं ठरवलं, तर तेवढ्यात बकरीनं येऊन निम्मा चाटून टाकला. दुसऱ्यानं बिब्ब्याचं तेल सांगितलं. त्यानं चौकटीचं काय झालं असतं देव जाणे, माझ्या हाताला असे फोड आले की चार दिवस बायकोनं मला भाकरी भरवली आणि गावभर सांगितलं. नुसती राळ लावली, तर ती एका दुपारच्या उन्हात तडकली.

शेवटी मी नाववालीकडं गेलो. ती कोळ्याची विधवा. नवरा गेल्यापासून नाव तीच चालवायची. दर उन्हाळ्यात नावेच्या फटीत ताग ठासून वर राळ नि तेल लावायचं काम तिचंच. तिला कोणी विचारलंच नव्हतं, म्हणून ती इतके दिवस गंमत बघत बसली होती.

"सुतारा, तुला लाकूड कळतं, पानी कळत न्हाई," ती म्हणाली. "नाव हलती. जे दगडासारखं वाळतं ते फुटतं. मऊ राहील असं कायतरी लाव."

तिनं सांगितलं ते असं. दोर बांधायच्या लोखंडी कड्या फळीतून आरपार जातात, त्यांच्या दांड्याला ताग गुंडाळून, राळेत तेल घालून ती जरा लेची करून वर चोपडायची आणि मग कडी ठोकायची. खिडक्यांना राळ नको. तिथं लुकण हवं. खडूची पूड, उकळलेलं जवसाचं तेल आणि चिमूटभर शेंदूर, कणकेसारखं तिंबून घ्यायचं. शेंदूर घातला की पाणी आत शिरत नाही, असं तिचा सासरा सांगायचा. मी एक चौकट तशी करून दोन दिवस डोणीत बुडवली. आतली बाजू कोरडी ठणठणीत.

चारही खिडक्या लुकणानं भरल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर नावेपुढं नारळ फुटलेला. खिडक्यांना शेंदूर फासलेला पाहून गावातल्या म्हाताऱ्यांनी हात जोडायला सुरुवात केली होती. एकीनं तर नवस बोलून घेतला.

जमादाराचं धाबं दणाणलं. सरकारी नावेचा मारुती केला म्हणून साहेब आम्हा दोघांनाही हाकलतील, असं त्याच्या डोक्यानं घेतलं. त्यानं तहसिलीतून लाख मागवली, लखोट्यांवर मोहोर उमटवतात ती. लाखेनं सरकारचे कागद बंद होतात, तर खिडकी का होणार नाही, असा त्याचा सवाल. लाख ठिसूळ, ती टिकणार नाही, हे मी दोनदा सांगितलं. त्यानं समोर उभं राहून एका खिडकीचं लुकण खरवडून घेतलं आणि स्वतःच्या हातानं लाख ओतली. मग त्याचं बोट भाजलं. उरलेल्या तीन खिडक्यांवर मी कोळशाची पूड चोळून शेंदूर झाकला, आणि बोट तोंडात धरून तो ह्या तोडग्याला कबूल झाला.

दहा दिवसांनी साहेब आले. बारीक, सुकलेला माणूस, गळ्याला लोकरी पट्टी, ती उन्हाळ्यातही सुटत नसावी. जमादारानं त्यांना मानाची जागा दिली. साहजिकच आपल्या लाखेच्या खिडकीशेजारी. नाव धारेला लागली, पाऊस आडवा आला, खोलीची चौकट कुरकुरली, आणि लाखेच्या खपल्या साहेबांच्या मांडीवर पडायला लागल्या. मागोमाग पाण्याची धार थेट पट्टीच्या आत.

साहेब न ओरडता उठले. त्यांनी बाकीच्या तिन्ही खिडक्यांना बोट लावून पाहिलं, वास घेतला आणि मला दख्खनीत विचारलं की हे काय आहे. मी तेल सांगितलं, खडू सांगितला. मग जमादाराकडं न बघता शेंदूरही सांगितला. ते नुसते मान हलवून म्हणाले की हैदराबादेत नळांचे कारागीर हेच वापरतात. एवढ्यासाठी आम्ही दहा दिवस जीव मुठीत धरला होता.

मग त्यांनी विचारलं, त्या एका खिडकीला लाख कोणी लावली?

दहा दिवस मी ह्याच घटकेची वाट बघत होतो. वाक्यही तयार होतं. पण जमादाराच्या मिशा पाण्यानं खाली लोंबत होत्या आणि भाजलेलं बोट तो पाठीमागं लपवत होता. मी म्हणालो, तिथलं लाकूड ओलं होतं हुजूर, तात्पुरती लावली. नाववालीला सुकाणूवर खोकल्याची उबळ आली. साहेब पलीकडच्या बाकावर जाऊन बसले आणि विषय तिथंच मिटला.

पैलतीराला साहेब उतरून गेल्यावर जमादार माझ्याजवळ आला.

"कावून वाचवलंस बे मला?"

"मलाच ठावं न्हाई," मी म्हणालो. खरंच ठाऊक नव्हतं.

 मग लाखेची खिडकी कशी भरायची ते त्यानं मला विचारलं, आणि साहेब परत येईपर्यंत आम्ही दोघांनी बसून, नावेत उरलेल्या खडू-तेलाचं लुकण करून, ती भरली. तिंबायचं काम त्यानं केलं. वाईट तिंबत नव्हता. साहेब परतीला तिथंच बसले, कोरडे उतरले, आणि तरीही शिंकत गेवराईला गेले.

पुढं ते काही आले नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात गंगा आटली तेव्हा नाव वाळूत पडून होती. नाववालीनं खोलीत कोंबड्या ठेवल्या. काचेतून कोंबड्या दिसतात म्हणून पलीकडच्या गावची माणसं मुद्दाम बघायला यायची.