शेवटच्या प्रकरणाआधी

४ डिसेंबर, दुपारी तीन वाजून दहा मिनिटे. ग्रंथालयातून आणलेली रहस्यकादंबरी मी शेवटच्या प्रकरणापाशी मिटली. आमचा तसा नियम होता. जुन्या घराण्यांची गुपिते उलगडणाऱ्या कादंबऱ्या मी पत्नीला वाचून दाखवीत असे, आणि शेवटाआधी दोघांनी तर्क सांगायचा. पत्नी गेल्यापासून समोर कोणी नव्हते.

चाळीस वर्षांपूर्वी वाचलेल्या एका कादंबरीतही आजच्यासारखीच, मृत म्हणून सांगितलेली मुलगी होती. पत्नी वाईच्या आमच्या ओसरीवर पावटे सोलत होती. शेंगांचा हिरवा, उग्र वास हवेत होता.

“ती काय मेली न्हाई. घरच्यांनीच तसं पसरवलंय,” ती म्हणाली. मग मान वर न करता, “आवं, तुमच्यात हाय का असं कुनी?”

“नाही.”

परजातीत लग्न केलेली माझी थोरली बहीण तेव्हा वडूजला संसार करीत होती. ती वारली असे वडील सर्वांना सांगत. पत्नीला मीही तेच सांगितले होते.

“बरं. वाचा फुडं,” म्हणून तिने दुसरी शेंग उचलली.

तेव्हा वाटले, निभावले. आज वाटते, तिचा तर्क झाला होता. ती केवळ माझी वाट पाहत होती.

अक्का अजून वडूजलाच आहे. संध्याकाळी बसस्थानकावर जाऊन मी तिकडच्या पहिल्या गाडीची वेळ विचारून आलो.