पेन्सिलीतली हजेरी

कर्जत तालुक्यातल्या एका डोंगरवाडीवरची चौथीपर्यंतची शाळा गेल्या जूनमध्ये उघडली नाही. पट कमी असल्याने ती खालच्या गावातल्या शाळेत विलीन करण्यात आली होती. तसे पत्र मे महिन्यात आले होते. शेवटची अकरा वर्षे त्या शाळेवर एकच शिक्षिका होत्या. खालच्या गावात त्यांना ‘वरच्या बाई’ म्हणत, वाडीत नुसते ‘बाय’.

वरच्या बाईंच्या हजेरीपटावर दोन प्रकारच्या खुणा असत. समोर बसलेल्या मुलाची हजेरी निळ्या शाईत. दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर गेलेल्या मुलाच्या रकान्यात पेन्सिलीने ‘भ’. पावसाच्या तोंडावर मूल परतले की पुढच्या रकान्यापासून पुन्हा शाई. मधले पेन्सिलीचे रकाने त्या खोडत नसत. तपासणीला आलेल्या एका साहेबांनी विचारले, ‘हे काय? हजर की गैरहजर?’ बाई म्हणाल्या, ‘गैरहजर म्हणजे ज्याचा पत्ता नाही तो. हा कुठे आहे ते मला ठाऊक आहे.’ साहेबांनी शेरा लिहिला आणि खाली उतरून गेले. पुढच्या वर्षी दुसरे साहेब आले. त्यांनाही हेच उत्तर मिळाले.

ही सवय जुनी होती. त्यांची बदली वाडीवर होण्याआधी त्या आमच्या खालच्या शाळेत होत्या आणि मी तिसरीत त्यांच्या वर्गात होते. हजेरी घेताना एखाद्या नावाला उत्तर आले नाही की त्या पेन खाली ठेवत. ‘कुठंय तो?’ ‘ठाऊक नाय बाई’ हे उत्तर चालत नसे. ज्याचे घर जवळ असेल त्याने मधल्या सुट्टीत जाऊन यायचे. एकदा कंटाळून आमच्यातला एक जण म्हणाला, ‘बाई, तो येत नाय तर नाव कापून टाका ना!’ वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांचे घर खालापूरकडचे, बौद्ध वस्तीतले. वडील खोपोलीच्या एका कारखान्यात कामाला होते. ‘माझ्या आजोबांचं नाव कुठल्याच शाळेच्या पटावर नव्हतं,’ त्या म्हणाल्या. ‘नाव कापणं सोपं असतं. चल, उठ, जाऊन बघून ये.’ आजोबांचा उल्लेख मी त्यांच्या तोंडून तेवढा एकदाच ऐकला.

यंत्रांवर त्यांचा राग होता असे काही जण सांगतात. ते खरे नाही. आसपासच्या शाळांच्या केंद्रातल्या शिक्षकांत स्मार्टफोन सर्वांत आधी घेणाऱ्यांपैकी त्या होत्या. वाडीतल्या मुलांनी समुद्र पाहिला नव्हता. तो त्यांनी फोनवर दाखवला आणि पाठोपाठ बादलीत मीठ घालून एकेकाला चाखायला लावला. रोजची ऑनलाइन माहिती भरायला त्या शाळेमागच्या टेपावर, म्हणजे छोट्या टेकडीवर, चढत. तिथून समोरच्या घाटातली रेल्वे दिसते, आणि तिथेच रेंज येते. पावसात एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात फोन घेऊन तिथे उभ्या असलेल्या त्यांना मी पाहिले आहे.

खोपोलीच्या एका कंपनीने शाळेला मोठा टीव्ही आणि सौर पॅनेल दिले. मी एका स्थानिक वर्तमानपत्रासाठी लिहिते; वाडीवर पहिल्यांदा गेले ती त्याची बातमी करायला. पडद्यावरची शिक्षिका अपूर्णांक शिकवत होती. भाकरीचे चार तुकडे करून तिने विचारले, ‘समजलं का मुलांनो?’ सगळा वर्ग एका सुरात ओरडला, ‘नाय!’ पडद्यावरची बाई हसून म्हणाली, ‘शाब्बास! आता पुढे जाऊ या.’ दारात नातीसाठी बसलेल्या बुधीआजी म्हणाल्या, ‘ती बाय लई शानी हाय, पन भैरी हाय गं.’ वरच्या बाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग त्यांनी टीव्ही बंद केला, डब्यातली भाकरी काढली आणि अपूर्णांक पहिल्यापासून घेतला. निघताना मला म्हणाल्या, ‘शिकवते चांगलं हं ती. माझ्यापेक्षा चांगलं. फक्त कुणाला कळलं नाही ते तिला कळत नाही.’ बातमी छापून आली. त्यात कंपनीचे नाव आणि पॅनेलची संख्या होती.

वाडीतली निम्मी कुटुंबे दरवर्षी खालापूरकडच्या एका भट्टीवर जात. भट्टीपासून दहा मिनिटांवर दोन शिक्षकांची शाळा होती. बाईंनी एक रीत पाडली होती. कुटुंब निघाले की मुलाच्या हातात त्या शाळेच्या नावाने चिठ्ठी द्यायची : हे मूल आमच्या पटावरचे आहे, काही महिने आपल्याकडे बसू द्यावे. तिथले मुख्याध्यापक भले गृहस्थ. ते वहीच्या शेवटच्या पानावर ‘पाहुणी मुले’ असा मथळा देऊन नावे लिहीत, शिकवत, दुपारची खिचडी देत. रविवारी बाई खोपोलीच्या घरून भट्टीवर जाऊन मुलांच्या वह्या तपासत. ‘बाय, आता तुमीच र्‍हावा इथं, इटा थापायला,’ काळू नावाचा एक बाप त्यांना चिडवी. ‘थापते की. तू तेवढ्यात पाढे म्हणून दाखव,’ बाई म्हणत. काळू पळ काढी.

शाळा बंद होण्याआधीच्या हिवाळ्यात नऊ मुले चिठ्ठ्या घेऊन गेली. त्या वर्षी मुलांची नोंद पूर्णपणे ऑनलाइन झाली होती. डिसेंबरात एका दुपारी बाई टेपावर उभ्या असताना त्यांच्या फोनवर भट्टीजवळच्या शाळेकडून नऊ विनंत्या आल्या. प्रत्येकीत मुलाचे नाव होते आणि खाली दोन शब्द : ‘मान्य’, ‘अमान्य’. बाईंना वाटले, पाहुणी मुले लिहिण्याची ही नवी पद्धत. त्यांनी नऊ वेळा ‘मान्य’ दाबले. खाली आल्यावर हजेरीपटावर नेहमीप्रमाणे पेन्सिलीने ‘भ’ लिहिले.

त्या विनंत्या दाखला हलवण्याच्या होत्या. कागदावर मूल दोन शाळांत असू शकत होते. ऑनलाइन नोंदीत ते एकाच शाळेत असते. वाडीच्या शाळेच्या पटावर आठ मुले उरली.

बाईंना हे मार्चमध्ये कळले, केंद्रप्रमुखांनी पटसंख्या वाचून दाखवली तेव्हा. त्या अकरा वर्षांचे हजेरीपट पिशवीत घालून तालुक्याच्या शिक्षण ऑफिसात गेल्या. तिथल्या बाबूने दोन पाने उलटली. ‘बाई, पेन्सिलीतलं आम्ही धरत नाही. पोर्टलवर काय आहे ते बोला.’ परत हलवायचे तर दुसऱ्या शाळेने मान्य करावे लागते, हेही त्यानेच सांगितले. बाईंनी टेपावरून नऊ विनंत्या पाठवल्या. उत्तर आले नाही. पुन्हा पाठवल्या. मग त्या स्वतः गेल्या.

मुख्याध्यापकांनी चहा मागवला. त्यांनी काही लपवले नाही. ‘बाई, आमचाही पट कमी पडत होता. ही नऊ गेली तर माझ्याकडची दुसरी शिक्षिका जाते. तिचं बाळ चार महिन्यांचं आहे. तुम्ही माझ्या जागी असता तर ‘मान्य’ दाबलं असतं का?’

‘मग तुम्ही काय म्हणालात?’ बाईंनी हे सांगितले तेव्हा मी विचारले.

‘चहा प्यायले,’ बाई म्हणाल्या. ‘दाबलं असतं असं तोंडातून निघेना.’

मेमध्ये भट्टी उठली, कुटुंबे परतली. शाळा बंद होणार हे वाडीत कळले होते. बैठक शाळेच्या ओट्यावर झाली. मी तिथे होते. बाईंनी काय झाले ते पहिल्यापासून सांगितले, आपण काय दाबले तेही. मग काळू उठला. त्याच्या दोन मुली त्या नऊ जणांत होत्या. ‘आमी शिकलेलो नाय, बाय. तुमी बोलल्या चिठ्ठी न्या, आमी नेली. नसती नेली तं शाला र्‍हायली असती ना?’

‘हो,’ बाई म्हणाल्या.

‘मंग?’

बुधीआजी काळूवर खेकसल्या, ‘बस रं खाली. तिला का खाशील आता?’ काळू बसला. बैठक तिथेच संपली. खाली उतरताना बाईंनी वाटेतल्या ओढ्यापाशी थांबून चपला हातात घेतल्या आणि म्हणाल्या, ‘पावसात याला छातीएवढं पाणी असतं. दुसरीतलं पोर कसं जाणार?’

जूनमध्ये त्यांचे समायोजन खालापूर तालुक्यातल्या एका मोठ्या शाळेत झाले. तिथे प्रत्येक वर्गात डिजिटल फळा आहे. त्यांनी तो शिकून घेतला आणि दोन सहकाऱ्यांना शिकवलाही. ऑक्टोबरअखेर त्या निवृत्त झाल्या.

त्यानंतर मी त्यांना खोपोलीच्या घरी भेटले. बातमी करू का, असे विचारले. ‘त्या मुख्याध्यापकांचं नाव घालू नकोस,’ त्या म्हणाल्या. ‘ऑफिसातल्या पोराचंही नको. त्याला पेन्सिलीतलं धरायला कुणी सांगितलंच नव्हतं. “मान्य” मी दाबलं. ते लिही.’ हजेरीपट कुठे आहेत, असे मी विचारले. शाळेच्या इतर दप्तराबरोबर जमा केले, असे त्यांनी सांगितले. पोच त्यांच्याकडे आहे.

वाडीतली जी आठ मुले पटावर उरली होती, त्यांची नावे आता खालच्या शाळेत आहेत. पावसाळ्यात ओढ्याला पाणी असलेल्या दिवशी त्यांतले कोणी आले नाही. बाकी नऊ मुले जूनपासून त्याच वर्गात नाव न लागता बसत होती. त्यांची नावे खालापूरकडच्या त्या दोन शिक्षकांच्या शाळेच्या पटावर आहेत. यंदा मालकाने तिथे भट्टी लावलेली नाही. दिवाळीनंतर वाडीतली कुटुंबे पनवेलच्या बाजूच्या दुसऱ्या भट्टीवर गेली. ती नऊ मुले त्यांच्याबरोबर आहेत.