पाठांतर नको, सर

शाहीनबीचा फोन आला तेव्हा मी कार्यालयात एका फायलीला टॅग लावत होते. सकाळचे साडेअकरा झाले असतील. शाहीनबी म्हणजे साळवे सरांना सांभाळायला दिवसभर येणारी बाई, तिथंच पडेगावात राहणारी. ती एरवी मिस्ड कॉल द्यायची आणि मी उलट फोन करायची. त्या दिवशी घंटी वाजतच राहिली, तेव्हाच मी खुर्चीतून उठले. "ताई, बाबा गये," ती म्हणाली. "चाय पिलायी, कप धोने गयी, आके देखी तो गर्दन ऐसी..." पुढं ती काय म्हणाली ते आठवत नाही. माझ्या तोंडून निघालेला पहिला प्रश्न मात्र पक्का आठवतो. मी विचारलं, "काही बोलले का?" ती म्हणाली, "बोले ना. रोज के जैसा." माणूस जाऊन दहा मिनिटं झाली नव्हती आणि मी तिच्यावर चिडले. रोजचं म्हणजे काय ते मला माहीत होतं, आणि ते बोलणं नव्हे, असं माझं ठाम मत होतं. या गोष्टीला आता दीड महिना झाला. सरांवर लिहायला बसते आहे खरी, पण ते माझं मतच मध्ये येऊन बसतंय...

शमुवेल साळवे सर शाळेत भूगोल शिकवायचे. पण छावणीतल्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत त्यांची ओळख होती ती शनिवारच्या वर्गामुळं. चर्चच्या मागच्या खोलीत, दुपारी तीन ते पाच, पवित्र शास्त्राची, म्हणजे बायबलची, तोंडओळख. बाप्तिस्मा घेऊ पाहणारी माणसं यायची, लग्न होऊन नव्यानं मंडळीत आलेल्या सुना यायच्या. दोन वर्षं तर एक बौद्ध प्राध्यापक नेमानं येत होते. त्यांना बाप्तिस्मा वगैरे काही घ्यायचा नव्हता, फक्त हे सगळं प्रकरण सुरू कसं झालं ते समजून घ्यायचं होतं. सरांना तेच सगळ्यात जास्त आवडायचे. चहा आला की पहिला कप त्यांना. बाकीचे आम्ही फुरंगटून बसायचो.

मी त्या वर्गात गेले तेव्हा एकोणीस वर्षांची होते. पाचोडहून शिकायला शहरात आले होते आणि तोऱ्यात होते, कारण आमच्याकडच्या संडेस्कूलमध्ये सोनेरी वचनांच्या स्पर्धेत माझा हात कुणी धरू शकत नव्हतं. सोनेरी वचन म्हणजे दर आठवड्याला तोंडपाठ करायचं शास्त्रवचन. बक्षिसाचे स्टीलचे डबे आईनं फळीवर ओळीनं मांडले होते. पहिल्याच शनिवारी सरांनी विचारलं, मार्काच्या शुभवर्तमानाची जुन्यात जुनी प्रत कुठं संपते? कुणाला माहीत नव्हतं. मग त्यांनीच सांगितलं, बाया रिकाम्या कबरेपासून भिऊन पळाल्या आणि कुणाला काही बोलल्या नाहीत, तिथं. पुढचा भाग नंतर जोडलेला. मी लगेच हात वर केला आणि तो अख्खा अध्याय, पुढच्या भागासकट, न थांबता म्हणून दाखवला. सगळे बघत राहिले. सर म्हणाले, "लई छान. आता पुस्तक मीट, डोळे उघड, अन् मला सांग, त्या बाया का भ्याल्या?" मी तोंड उघडलं आणि पुन्हा वचनच बाहेर आलं. "ते नको. पाठांतर नको. तुझं सांग." माझं काही निघेना. घशात नुसती वचनं दाटलेली, आणि त्यांच्यामागं मी. खाली बसले आणि ओढणीत तोंड घालून रडले. सरांनी समजूत वगैरे घातली नाही, पुढच्या माणसाला प्रश्न विचारला. मी ठरवलं, पुन्हा या खोलीत पाऊल टाकायचं नाही. पुढच्या शनिवारी पावणेतीनलाच जाऊन बसले.

त्यांची शिकवायची रीतच वेगळी. नव्या कराराची एक स्वस्तातली प्रत घेऊन त्यांनी तिची शिलाई उसवली होती आणि सत्तावीस पुस्तकांच्या सत्तावीस सुट्या चोपड्या करून त्यांना खाकी पुठ्ठे चढवले होते. त्या टेबलावर पत्त्यांसारख्या पसरायच्या आणि आम्हाला सांगायचं, लिहिली गेली त्या क्रमानं लावा. आम्ही अर्थात प्रभूचं चरित्र सांगणारी चार शुभवर्तमानं पुढं ठेवायचो. सर ती उचलून मागं सरकवायचे. आधी पत्रं. कुठल्या कुठल्या गावच्या मंडळ्यांची भांडणं मिटवायला लिहिलेली पत्रं. "प्रभू गेल्यावर किती तरी वरसं हे पुस्तकच नव्हतं," ते म्हणायचे. "मग ती माणसं काय करत व्हती? एका ठिकाणी बसून जेवत व्हती अन् एकमेकाला सांगत व्हती. पुस्तक मागून आलं. आधी सांगणं." एका ज्येष्ठ सभासदानं तक्रार केली, साळवेनं शास्त्राला ब्लेड लावली म्हणून. चर्चच्या पाळकसाहेबांनी बोलावून घेतलं. सर म्हणाले, "पान एक बी फाडलं नाय, साहेब. शिलाई तेवढी उसवली." पाळकसाहेब भले गृहस्थ, हसले आणि विषय मिटला.

तीच तऱ्हा विश्वासांगीकाराची. आपण काय मानतो ते मोजक्या ओळींत सांगणारा हा अंगीकार उपासनेत सगळे उभे राहून एका सुरात म्हणतात. बहुतेकांचं लक्ष तेव्हा घड्याळाकडं असतं. सर तो वर्गात एकेक ओळ करून फोडायचे. ही ओळ कुणाशी भांडताना आली, ही कशाच्या भीतीनं, ही किती उशिरा. "यात प्रभूखेरीज माणसांची नावं दोनच," ते म्हणायचे, "एक आई अन् एक अधिकारी. एकीनं जन्म दिला, दुसऱ्यानं क्रुसावर द्यायची सही केली. आता सांगा, त्या सहीवाल्याला आपण दर रविवारी का आठवतो?" कुणी छापील उत्तर दिलं की ते तळवा पुढं करायचे. थांब. पाठांतर नको. तुझं सांग.

सरांचा पाठांतरावरचा हा राग कुठला, ते मला फार उशिरा कळलं. तोवर मी त्यांची मदतनीस झाले होते, नोकरीला लागले होते, वर्गाच्या हजेऱ्या माझ्याकडं होत्या. वडील उपदेशक होते त्यांचे, चितेगावाकडं गावोगाव फिरणारे. उजाडायच्या आत पोराला अंगणात उभं करायचे आणि अंगीकार नाही तर मेंढपाळाचं स्तोत्र म्हणायला लावायचे. शब्द चुकला की पोटऱ्यांवर छडी. "कमल," सर मला म्हणाले होते, "देव म्हनलं की मला आधी पोटऱ्या आठवायच्या. तिसाव्या वरसापर्यंत. मग एकदा मी हेच सगळं माझ्या भाषेत मनाशी बोलून बघितलं, तवा कुठं सुटलो." सुटलो, हा त्यांचाच शब्द. मी तो जपून ठेवला. जरा जास्तच जपला, असं आता वाटतं.

गेल्या वर्षी त्यांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. मार्थाबाई, म्हणजे सरांच्या पत्नी, जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा नागपूरला. त्यानं शाहीनबीला ठेवलं, आणि संध्याकाळी सहा ते आठ मी जाऊ लागले. तीन आठवडे सरांच्या तोंडून नुसता घोगरा आवाज यायचा. चौथ्या आठवड्यात मी उशी सरकवत होते आणि एकदम, स्पष्ट, खणखणीत आवाजात त्यांनी विश्वासांगीकार सुरू केला. पहिल्या ओळीपासून शेवटच्या 'आमेन'पर्यंत. माझ्या हातातली उशी खाली पडली. मी म्हणाले, "सर! पाणी म्हणा बरं. पाणी." त्यांनी ओठ जुळवले, कपाळाला घाम फुटला, आणि पुन्हा अंगीकाराची पहिली ओळ आली. डॉक्टरांनी समजावलं की असं होतं, लहानपणी घोकलेलं वेगळ्या कप्प्यात राहतं, ते टिकतं. आपलं बोलणं मात्र परत येईलच असं नाही. अंगीकार आणि मेंढपाळाचं स्तोत्र, एवढंच टिकलं होतं. ज्या अंगणातून हा माणूस तिसाव्या वर्षी सुटला, तिथंच त्याला परत नेऊन उभं केलं होतं, आणि आता बाहेरून कडी.

मंडळीत मात्र आनंदीआनंद. महिला मंडळाच्या बाया भेटायला आल्या, सरांनी अंगीकार म्हटला, बायांचे डोळे भरून आले. "वाचा गेली पर वचन नाय गेलं! केवढी साक्ष!" एकीनं मोबाईलवर चित्रण केलं आणि ते मंडळीच्या गटात फिरलं. मग रीघच लागली. माणसं यायची, पलंगाभोवती उभी राहायची, कुणीतरी पहिली ओळ सुरू करून द्यायचं आणि सर पुढं म्हणायचे. सरांच्या डोळ्यांतून पाणी यायचं. लोक म्हणायचे, बघा कसे भारावले. मला त्यांत पोटऱ्या दिसायच्या. एका रविवारी माझा तोल गेला. "तुम्हाला काय पोपट वाटला का हा माणूस?" मी सगळ्यांसमोर ओरडले. पाळकसाहेबांना सांगून भेटी बंद करवल्या. लोक दुखावले, माझ्याशी बोलेनासे झाले. मी म्हटलं, होऊ दे. सरांची बाजू घ्यायला एक तरी माणूस हवं.

आणि मग मी माझं सुरू केलं. पुठ्ठ्यावर चित्रं चिकटवून तक्ता केला. पाणी, चहा, दुखतंय, खिडकी, संडास. रोज सहाला जायची आणि तक्ता त्यांच्या डाव्या हाताशी धरायची. त्यांनी अंगीकार सुरू केला की मी तळवा पुढं करायची, अगदी त्यांच्यासारखा. "पाठांतर नको, सर. बोटानं दाखवा. तुमचं सांगा." ते माझ्याकडं बघायचे. पुन्हा सुरू करायचे. मी पुन्हा तळवा. बोट तक्त्यावर ठेवलं तर नुसतं थरथरायचं, कशावर आहे तेच कळायचं नाही. दोन-तीन महिन्यांनी ते माझ्यासमोर अंगीकार म्हणायचे थांबले. सहाला मी आले की गप्प. मला वाटलं, आम्ही जिंकलो! जुनं मागं पडलं, आता नवं येणार. नागपूरला फोन करून मी मुलाला सांगितलंसुद्धा, "खूप सुधारणा आहे. पाठांतर बहुतेक बंद झालंय." दिवसा कधीमधी सुरू करतात असं शाहीनबी म्हणायची, ते मी जमेत धरलं नाही. जवळजवळ सात महिने ते माझ्यासमोर एक अक्षर बोलले नाहीत, आणि मी त्याला सुधारणा म्हणत राहिले. मग शाहीनबीचा फोन आला.

दफनविधी झाल्यावर चौथ्या दिवशी मी सामान आवरायला गेले. शाहीनबी तिची ताटली, वाटी आणि एक चादर न्यायला आली होती. दुसऱ्या घरी तिला काम लागलं होतं. चहा करून आम्ही दोघी पलंगाच्या कडेला बसलो. मी सहज म्हणाले, "शेवटी शेवटी किती शांत झाले होते गं."

"शांत?" ती म्हणाली. "आपके सामने. दिनभर तर किती बोलायचे बाबा."

"काय बोलायचे?"

"तेच. ते एकच व्हतं ना त्यांच्याजवळ."

"ते बोलणं नव्हे, शाहीनबी. ते पाठ केलेलं होतं. त्यांना नको असताना यायचं तोंडून."

"मालूम नाय, ताई. मला त्याचा मतलब कळत नाय, म्हणून मी लफ्ज कशाला ऐकू? मी बाबाला ऐकायची." तिनं कप खाली ठेवला. आणि मग, अकरा महिने ऐकून ऐकून तिच्याही तोंडात बसलेली, अंगीकाराची पहिली ओळ तिनं म्हटली, घाईघाईनं, शेवट वर चढवत. "हे पाणी." तीच ओळ दातांतून, तुटक. "हे कमर दुखती." मग भुवया आवळून, दटावून. "हे, टीव्ही बंद कर म्हणून." मग अगदी खालच्या सुरात, लांबवत. "हे त्यांची बायको. फोटोकडं बघून. तवा मी बाहेर जायची." सरांचा आवाज मी तीस वर्षं ऐकला आहे. त्या खोलीत त्या बाईच्या तोंडून तो जसाच्या तसा येत होता. वर्गातली कुरकुर, प्रश्न विचारताना आवाज वर नेणं, सगळं. त्यांनी स्वतःचं सांगितलं होतं, रोज, दिवसभर. ते शब्द मला पाठ होते म्हणूनच मला ते ऐकू आलं नव्हतं.

"माझ्यासाठी काही होतं?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"था ना. सहा वाजता." तिनं ओळ म्हटली. इतक्या हलक्या, खुशीच्या आवाजात, की वाटावं, उंबऱ्यात कुणी आलंय आणि आधी चहा ठेवावा की आधी भांडावं ते ठरत नाहीये. "तुमच्या स्कूटीचा आवाज आला की सुरू. मला पलंग वर करायला लावायचे. केस विंचरून मागायचे." "मग तुम्ही यायच्या अन् हात वर करायच्या. मला वाटलं, तुमच्यात तसा कायदा असंल. म्हणून मी काय बोलली नाय, ताई... पुढं पुढं ते आवाज आला की सुरू करायचे अन् तुम्ही चप्पल काढूस्तोवर बंद करायचे."

मी तिला म्हणाले, पुन्हा म्हण. तिनं म्हटलं. अजून एकदा, मी म्हणाले. तिनं पुन्हा म्हटलं, पण या वेळी आवाज तिचाच होता. ताटली-वाटी चादरीत गुंडाळून ती उठली आणि दारापाशी जाऊन थांबली. "ताई, जाऊ द्या ना. उस घर में राह देखते." तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मी उठून दारात आडवी उभी राहिले आहे. मी बाजूला झाले नाही. म्हटलं, "सहा वाजताचं. एकदाच."