काड्यांचा भारा घेऊन सातपुड्यात

माझ्या शेजारच्या मैत्रिणीला पन्नाशीत हिमालय चढायचं खूळ लागलं. तिच्या शाळेतल्या बायकांचा गट मे महिन्यात निघणार होता आणि हिला त्यात जायचंच होतं. नवरा नेहमीप्रमाणे म्हणाला, “आईला विचार.” तिच्या सासूबाईंना सगळी गल्ली अक्का म्हणते. अक्कांनी अट घातली, की आधी सातपुड्यात एक दिवस चालून दाखव आणि स्वतःच्या पायांनी घरी ये, मग बघू. साक्षीदार म्हणून मला जोडून दिलं, कारण मला खोटं पचत नाही.

फेब्रुवारी संपत आला होता. पहाटे अमळनेरच्या स्टँडवर ही बाई आली ती डोक्यावर कपाशीच्या काड्यांचा भारा घेऊन. पाठीवरच्या पिशवीत वांगी, मिरच्या, लसूण आणि भरीत कुटायची लाकडी बडगी. दुपारी दरीत भरीत करायचा बेत होता.

“अगं, जंगलात चाललोय आपण. तिथं लाकूड काय कमी आहे?” मी म्हटलं.

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी भरितात साखर घालायला सांगितली होती. वांगं कपाशीच्या काड्यांवर भाजलं नाही तर ते भरीतच नव्हे, हे आमच्याकडे जन्मतःच ठरलेलं असतं. खरं सांगते, मलाही ते पटलं. चोपड्याच्या एसटीतला कंडक्टरसुद्धा भाऱ्याबद्दल अवाक्षर बोलला नाही. त्यानं फक्त वांगी कुठली, एवढंच विचारलं.

दरी म्हणजे कोरडाठाक नाला. दोन्ही बाजूंना कातळाच्या भिंती, मध्ये तापलेले गोटे, पाण्याचा थेंब नाही. ती भारा घेऊन पुढे, मी धापा टाकत मागे. एका वळणावर शेळ्या चारणारे एक आबा भेटले. भाऱ्याकडे बघत त्यांनी विचारलं, लाकडं घेऊन कुठं निघालात.

“जंगलमा लाकडं लिसन कथा चालन्यात, बाई?”

“भरीत कराले, आबा.”

“मंग ठीक शे,” आबा म्हणाले आणि शेळ्यांमागे गेले.

दुपारी दरीच्या टोकाला सावली पाहून तिनं भारा उतरवला. काडेपेटी काढली आणि इकडंतिकडं पाहिलं. सागाची वाळकी पानं घोट्यापर्यंत साचली होती आणि वारा सुटला होता. एक ठिणगी उडाली असती तर वांग्यांबरोबर डोंगरही भाजला असता. तिनं मुकाट्यानं काडेपेटी आत ठेवली. कच्च्या वांग्यांकडे बघत आम्ही ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर आणि ठेचा खाल्ला. इतकं वाईट मला कुणाच्या मयतालाही वाटलं नव्हतं.

“आता तरी टाक तो भारा,” मी म्हटलं.

“टाकला तर अक्का म्हणतील, ओझं झेपलं नाही. मग कसला हिमालय?” तिनं भारा पुन्हा डोक्यावर घेतला.

उतरताना एका गोट्यावरून माझा पाय सटकला आणि गुडघा टम्म फुगला. तिनं भाऱ्यातून एक काडी उपसून काठी म्हणून दिली. चार पावलांवर ती मोडली. दुसरी दिली, तीही मोडली. कपाशीची काडी वांगं भाजायला उत्तम, पण माझं वजन म्हणजे काही वांगं नव्हे. मग जुडगे बांधून पाहिले, तेही गेले. आमच्यामागं नालाभर काड्यांचे तुकडे पडत गेले. भारा संपला तेव्हा तिनं माझा हात खांद्यावर घेतला.

“मला इथंच ठेव आणि कुणाला तरी घेऊन ये,” मी कुरकुरले.

“साक्षीदार टाकून गेले तर माझा निकाल कोण देणार?”

मला हसूही आलं आणि रडूही. सबंध उतार मी तिला शिव्या देत होते आणि ती मला ओढत होती.

दिवेलागणीला घरी पोचलो. अक्कांनी पिशवी उघडली. वांगी कच्चीच होती आणि काड्यांचा पत्ता नव्हता. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

“भारा टाकी दिना?”

मैत्रिणीचा चेहरा पडला. दिवसभर तंगडतोड केलेली बाई आता माझ्या तोंडाकडे बघत होती.

“तिनं नाही टाकला, अक्का,” मी म्हटलं. “मी मोडला, एकेक काडी करून. ती जाऊन-येऊन पूर्ण चालली. येताना मलाही घेऊन चालली.”

अक्का आत गेल्या. कोमट तेलाची वाटी घेऊन आल्या आणि माझा गुडघा चोळू लागल्या. मग मान वर न करता मुलाला म्हणाल्या, “जाऊ दे तिले.” आणि हळूच पुढं म्हणाल्या, “माले कोनी इचारंच नही, कथा जावानं शे ते.”

“तुमले कथा जावानं शे, अक्का?” मैत्रिणीनं लगेच विचारलं.

अक्कांचा हात माझ्या गुडघ्यावर थांबला. त्यांनी बराच वेळ विचार केला, पण त्यांना एकाही गावाचं नाव सुचेना.