शेंडा छाटणाऱ्यांचा वैरी

माझ्या मैत्रिणीच्या मामांइतका माणसांशी उर्मट आणि झाडांशी अदबशीर माणूस अख्ख्या कलकत्त्यात सापडणार नाही. घराणं मराठी, पण जन्म इथल्याच बागबाजारचा, घर डमडमला. मुंजीला गेले तर बटूच्या आधी परसातला पेरू पाहतील, आणि फांदी तोडून वीतभर खुंट ठेवलेला दिसला की वाढल्या पानावरून उठतील. एकदा यजमानीणबाईंनी कारण विचारलं, तर म्हणाले, "तुमचं बोट असं अर्धवट तोडून ठेवलं तर तुम्हाला घास जाईल का?" छत्रीत करवत घेऊन हिंडतात. जड फांदी आधी खालून थोडी कापायची, मग वरून, म्हणजे पडताना बुंध्याची साल सोलवटत नाही, हे त्यांनी ट्रामच्या कंडक्टरलाही बंगालीत ऐकवलेलं आहे.

त्यांच्या भिंतीपलीकडे एका कचेरीचा बंगला आहे. बदलून येणाऱ्या प्रत्येक साहेबाला मामा पहिल्याच रविवारी जाऊन बजावतात, "तुम्ही तीन वर्षांत जाल. अंगणातल्या आंब्याची बदली होत नाही." मागचे साहेब आपलेच, साताऱ्याकडचे. त्यांना पापडांसाठी ऊन हवं होतं, म्हणून त्यांनी आंब्याचा शेंडा सपाट उडवला. इंग्रज गेले, मुंडकी छाटायची साहेबी गेली नाही. मी त्याविरुद्ध पत्रक काढलं, तेव्हा माझ्याबरोबर चळवळीत काम करणाऱ्या आमच्याच मंडळींनी विचारलं, फाळणीच्या निर्वासितांना छप्पर नाही आणि तुला आंब्याचं पडलंय? पडलंय. न विचारता कुऱ्हाड चालवणारा हात दोन्हीकडे तोच असतो.

छाटल्या जागी केरसुणीसारखे कमकुवत फुटवे आले. ते विरळ करू द्या म्हणून मामा गेले, चक्क हात जोडून. साहेब हसले. म्हणाले, आता तर पूर्वीपेक्षा दाट झालंय की. पुढच्या चैत्रात कालबैशाखीच्या वादळानं ते सारे फुटवे सालीसकट ओरबाडले, आणि साहेबांनी झाडच पाडायला माणसं बोलावली. मामा खुर्ची घेऊन बुंध्याशी बसले ते उठेनात. दुपारी साहेब वैतागून म्हणाले, "एक पावसाळा देतो. नाही फुटलं तर तोडणार." सत्तरीचे मामा शिडीवर चढले आणि फाटलेलं सगळं एकेक करून नीट कापून उतरले.

आंबा फुटला, पण फक्त भिंतीच्या बाजूनं. यंदा तिथे मोहोर आला. नवे साहेब म्हणतात, मोहोरानं चिलटं होतात, तेवढी फांदी काढून टाकू. मामांना आता पलीकडच्या फाटकापर्यंतही जाववत नाही. ऐकून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी चपला घातल्या.