मामेसासऱ्यांची शिट्टी

जगात दोनच गोष्टी कुणासाठी थांबत नाहीत, काळ आणि आमच्या मामेसासऱ्यांची गाडी, असं आमच्या साऱ्या नातेवाइकांचं मत आहे. त्यांतल्या काहींना काळाबद्दल थोडी शंका आहे. बायकोचे हे मामा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. उभा जन्म त्यांनी जिल्ह्यातल्या फलाटांवर शिट्टी फुंकण्यात घालवला आणि एकही गाडी मिनिटभर उशिरा सोडली नाही. लग्नानंतर मामी पहिल्यांदा माहेरी निघाल्या, ट्रंक गाडीत ठेवून पेरू घ्यायला खाली उतरल्या, आणि वेळ होताच खुद्द नवऱ्याने शिट्टी मारून गाडी सोडून दिली. ट्रंक माहेरी पोचली, मामी पेरूंसकट फलाटावर राहिल्या. "तुले तीन मिनिटं देयेल व्हतात," एवढंच मामा म्हणाले. आमच्या लग्नात पाळकसाहेबांचा उपदेश लांबला तेव्हाही तिसऱ्या बाकावरून शिट्टी वाजली होती. पाळकसाहेब आयुष्यभर एसटीने फिरलेले. ते 'आमेन' म्हणून चटकन खाली बसले.

असा माणूस निवृत्त झाल्यावर स्वस्थ बसेल, ही आशाच खुळी होती. "डोंगरमा हायस्कूल काढस," त्यांनी जाहीर केलं. स्वतः जेमतेम दहावी झालेले. आम्ही खूप हसलो. मग एकदाच, मान खाली घालून, त्यांनी कारण सांगितलं. वरच्या पाड्यांमधली शाळा सातवीला संपते. दिवाळी झाली की तिथली पोरं आईबापांबरोबर ऊसतोडीला गुजरातेत जातात, आणि त्या गाड्या इतकी वर्षं कुणी सोडल्या? "मन्हीच शिट्टीवर गयात ती पोरे, जवाईबापू." त्यानंतर मी तरी हसलो नाही. समोर तर मुळीच नाही.

शाळा निघाली ती खापर गावाच्या वर घाटात, एका पत्र्याच्या चर्चमध्ये. रविवारी उपासना, सोमवारपासून आठवी. सकाळची प्रार्थना मामा स्वतः करत: "प्रभू, दिवस वेळेवर सुरू केलास, तसाच वेळेवर संपव." आमेन आणि शिट्टी यांच्यामध्ये श्वास घ्यायलाही सवड नसे. पाड्याच्या म्हाताऱ्या कारभाऱ्याने पहिल्याच दिवशी विचारलं, "पोरांना देव बदलायला लावणार का?" मामा म्हणाले, "देवनं मंग दखूत, बाबा. पहिले तुन्ही नात वेळवर धाड." चर्चची मंडळी यावर नाराज झाली. मग सुट्ट्यांची यादी लागली, नाताळला एक दिवस आणि काठी गावच्या, आदिवासींच्या मोठ्या होळीला पाच, तेव्हा तर कमिटीच बसली. मामांनी शांतपणे विचारलं, "नाताळले पोरे गोड खावाले आपलेआप येतस. होळीले कोनीच येत नही. मंग सुट्टी कव्हय देवानी?" कमिटी उठली. ख्रिस्ती शाळेच्या यादीत होळीचे पाच दिवस आजही तसेच आहेत.

मामांचा खरा सैतान मात्र वेगळाच होता, तो म्हणजे जीप. जीपला वेळापत्रक नसतं. भरली की सुटते, नाही भरली तर उभी राहते. "ती काय गाडी शे? कोंबड्यासनं डालगं शे!" म्हणून जिथे एसटी जात नसे तिथे मामा घाट पायी चढत. गणितही ते एसटीचंच शिकवत: खापरहून सात दहाला निघालेली गाडी अमुक वेगाने गेली, तर किती वाजता पोचेल? एकदा खिडकीबाहेरून आवाज आला, "आणि जीप असली तर, सर?"

ती रमिला. तिचं घर नाल्यापलीकडच्या टेकडीवर. घरचं पाणी भरून ती उतारावरून धावत यायची आणि रोज बरोब्बर दोन मिनिटं उशिरा पोचायची. ती धावताना दिसत असली तरी मामा दहा चाळीसला शिट्टी मारून दार लावून घेत. पहिला तास रमिला खिडकीबाहेर उभी राहून शिकली, आणि गणितात वर्गात पहिली आली.

पाहता पाहता दहावीचा पहिला वर्ग आला. बारा मुलं. दिवाळीनंतर त्यांतली अकरा उसाला गेली, रमिलाही गेली. उरली एकटी कारभाऱ्याची नात. मामांनी तिच्या एकटीसाठी सगळे तास चालवले, हजेरीसकट. "रिकामी गाडी बी सुटस," ते म्हणत. उसाला गेलेली सगळी माणसं होळीला परततातच, पण त्या वर्षी परीक्षा होळीच्या आधी आली. बोर्डाला काठीची होळी कुठली माहीत असायला! पहिलाच वर्ग परीक्षेला बसला नाही, तर पुढे कोण पोरं पाठवणार? मामांनी मला खापरला बोलावलं आणि माझ्यादेखत जीपमध्ये चढले. मी सभ्यपणे दुसरीकडे पाहिलं.

दोन दिवस आम्ही गुजरातेतल्या उसाच्या फडाफडांतून हिंडलो. "परीक्षा व्हताच मी सोता आनी सोडसू," असं मामा एकेका बापाला हात जोडून सांगत होते. दहा मुलं गोळा झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी ड्रायव्हर म्हणाला, "मामा, भरनी गाडी. निघूत ना?"

"आजून एक शीट बाकी शे."

रमिलाचा बाप कडेलाच उभा होता. तिचं महिन्यापूर्वी लग्न झालं, नवऱ्याबरोबर ती पुढच्या फडावर गेली, हे त्याने आम्हाला सकाळीच सांगितलं होतं. मामांनी ते ऐकलंही होतं. तरी बायकोसाठी गाडी न थांबवणारा हा माणूस रस्त्याकडे तोंड करून संध्याकाळपर्यंत उभा राहिला. मग गुपचूप येऊन बसला. शिट्टी वाजलीच नाही. मला रडू आलं, ते मी उसाच्या धुळीवर ढकललं.

त्या वर्षी अकरा मुलं परीक्षेला बसली. शाळेला आता स्वतःची इमारत आहे, दहावीचा वर्ग दिवाळीनंतरही बराचसा भरलेला असतो. मामा थकलेत, पण शिट्टी अजून तेच मारतात. मध्यंतरी मी गेलो, तर पोरं ओळीत उभी, दहा चाळीस होऊन गेलेले, आणि मामा शिट्टी ओठांत धरून नाल्यापलीकडचा उतार पाहत उभे. दोन मिनिटांनी शिट्टी वाजली.

मी त्यांना माझं घड्याळ दाखवलं.

"तुमनं घड्याळ पुढं शे, जवाईबापू," ते म्हणाले.

ते घड्याळ त्यांनीच मला लग्नात दिलेलं आहे, आणि त्यांनीच त्या सकाळी लावून दिलं होतं. मी ते दोन मिनिटं मागे घेतलं.